शेवटचें कडवें

गेल्या महाराष्ट्रदिनीं आमच्या मुलुंडच्या वसाहतींत मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रमपत्रिका तयार करण्याचें काम दरवर्षींप्रमाणें मजकडेच होतें. माझ्या धाकट्या भावाच्या नातीनें आणि तिच्या मैत्रिणींनीं कष्टकऱ्यांच्या जीवनावरील एक ठसकेबाज गाणें बसविलें होतें. तें तिनें कोणाच्या तरी फोनवर ऐकून उतरून घेतलें होतें. प्रत्येक गटास चार मिनिटें दिलेलीं. गाण्यास मात्र साडेपांच मिनिटें लागत. तेव्हां मीं मोठ्या पोक्तपणें शेवटचें कडवें गाळावयास सांगितलें, आणि पत्रिकेवर गाण्यापुढें 'पारंपरिक लोकगीत' असे दोन शब्द घातले. मुलींनीं गाणें उत्तम म्हटलें, टाळ्या झाल्या, आइस्क्रीम वाटलें गेलें आणि मंडळी आपापल्या घरीं गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई आल्या. घरांतील लहानथोर सर्व त्यांना मावशी म्हणतात. आदल्या सायंकाळीं त्या फाटकापाशीं उभ्या राहून कार्यक्रम ऐकत होत्या, हें मला ठाऊक नव्हतें. चहाचा कप हातांत घेतां घेतां त्या म्हणाल्या, "काका, पोरींनी गाणं झकास म्हटलं. पण वामनदादांचं नाव का गाळलं?"

मीं म्हटलें, "नांव कसें गाळीन? गाणें पारंपरिक आहे."

"पारंपरिक कसलं? शेवटच्या कडव्यात दादांचं नाव हाय की! नेमकं तेवढंच कडवं पोरींनी म्हटलं नाय."

असें म्हणून त्यांनीं नळ बंद केला आणि तें कडवें तेथेंच, ओट्यापाशीं उभ्या राहून, म्हणून दाखविलें. अखेरच्या ओळींत 'वामन' हा शब्द स्वच्छ ऐकूं आला. नात टेबलापाशीं दूध पीत बसली होती. ती माझ्याकडे पाहूं लागली. तिच्या पाहण्यांत राग नव्हता, परंतु प्रश्न होता. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें ध्यानांत आलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आपल्या घरांत सायंकाळीं देवापुढें अभंग म्हणतांना 'तुका म्हणे' हे शब्द वेळ वांचविण्यासाठीं गाळावे, असें कोणास स्वप्नांत तरी सुचेल काय? नामदेवांचा 'नामा', जनाबाईंची 'जनी' हीं आपण आजीच्या मांडीवर बसून शिकलों. अभंगाच्या शेवटीं येणारी ही नाममुद्रा केवळ अलंकार नव्हे. ज्या काळीं छापखाना नव्हता, त्या काळीं रचनेबरोबर रचणाराचें नांव पुढें पोंचविण्याचा हा एकच खात्रीचा उपाय होता. वही भिजे, कागदास कसर लागे. परंतु शेवटची ओळ गाणाराच्या तोंडांत सुरक्षित राही. उलट, जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांनीं आपलीं नांवें ओवींत गुंफण्याची रीत ठेविली नाहीं. म्हणून त्यांच्या ओव्या सहस्रावधि उरल्या, पण ओवी रचणारी कोण, हें सांगणारें मात्र कोणी उरलें नाहीं.

शाहिरांनीं संतांचीच रीत उचलली. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा आणि सिंहगडाचा पोवाडा तुळशीदासाचा, हें आज आपणांस कळतें, तें त्यांनीं आपलीं नांवें कवनांतच घातलीं म्हणून. १८९१ सालीं ॲक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापून प्रसिद्ध केला. अफझलखानाचा प्रसंग १६५९ सालचा. म्हणजे सव्वादोनशें वर्षें त्या नांवांची मुख्य भिस्त गाणारांच्या मुखावरच होती. मधल्या काळांत एखाद्या माझ्यासारख्या शहाण्यानें वेळ नाहीं म्हणून शेवटचा चौक गाळावयास लाविला असता, तर ते पोवाडेही आज 'पारंपरिक'च ठरले असते.

कांहीं शाहिरांनीं तर गाणाऱ्या साथीदारासही आपल्या नांवाशेजारीं बसविलें. होनाजी बाळा हें एकाच माणसाचें नांव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः कवनें रचणारे होनाजी शिलारखाने आणि तीं आपल्या गोड गळ्यानें गाणारे बाळा कारंजकर, असे हे दोघे मित्र. दोघांचें नांव मिळून एक झालें तें कायमचें.

ध्वनिमुद्रणाचें यंत्र आपल्या देशांत आलें तेव्हां हीच युक्ति निराळ्या रूपानें उपयोगी पडली. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका घेतल्या गेल्या. गाणें संपतांच त्या आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं तयार होत, आणि तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हें कळण्यास तोच आधार असे. म्हणजे यंत्र नवें आलें, तरी नांव सुरक्षित ठेवण्याची जागा जुनीच राहिली. ती जागा म्हणजे गाण्याचा शेवट.

हा विषय आपल्या घरांपासून दूरचा आहे, असें कोणीं समजूं नये. सोलापूरचे राम जोशी आणि संगमनेरचे अनंत फंदी हे दोघेही ब्राह्मण घरांत जन्मले. राम जोशी तमाशांत रमले म्हणून त्यांच्या वडील बंधूंनीं त्यांस घराबाहेर काढिलें, आणि अहल्याबाई होळकरांनीं कानउघाडणी केल्यावर फंदींनीं डफ टाकून कीर्तन धरिलें, अशा कथा आपण ऐकत आलों आहों. त्या सांगतांना आपला भर नेहमीं एकाच गोष्टीवर असतो. ती ही, कीं दोघेही पुढें कीर्तनाकडे वळले. डफ हातांत होता तोंवर त्यांनीं जें रचिलें, त्यावर महाराष्ट्र दोनशें वर्षें डोलला. परंतु घरांत त्यांस बसावयास पाट मिळाला तो डफ खालीं ठेविल्यावर. गाणें ओसरीवर यावें, पण गाणारा अंगणांतच राहावा, ही आपली जुनी संवय आहे. मीं पत्रिकेवर घातलेले ते दोन शब्द त्याच संवयीचे वंशज होत, हें मला आतां दिसूं लागलें आहे.

आतां आपल्या रोजच्या वाटेवरचीच दोन स्थळें पाहूं. मुलुंडहून दादरकडे लोकलनें निघालें म्हणजे नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि मग घाटकोपर लागतें. या घाटकोपरांत चिरागनगर नांवाची वस्ती आहे. तेथील एका झोपडींत तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ साठे, यांनीं आयुष्याचीं सुमारें बावीस वर्षें काढलीं. आजच्या सांगली जिल्ह्यांतील वाटेगांवीं १ ऑगस्ट १९२० रोजीं मातंग समाजांत त्यांचा जन्म झाला. शाळेंत ते दोन दिवसांहून अधिक टिकले नाहींत, असें सांगतात. वडिलांबरोबर गांवाहून पायीं मुंबईची वाट धरिली, मिळेल ती मजुरी केली, आणि भिंतीवरच्या पाट्या व हातीं येईल तो कागद वाचीत अक्षरें आपलीं आपण जोडलीं. १९४४ सालीं अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभारिलें. त्यांतील अमर शेख हे बार्शीचे, मूळ नांव मेहबूब हुसेन पटेल. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा पोवाडा अण्णाभाऊंनीं गिरणगांवांतील श्रोत्यांपुढें गाइला, आणि पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीनें मैदानेंच्या मैदानें हेलावून सोडलीं. गांवीं राहिलेल्या पत्नीचा विरह सांगतां सांगतां मराठी मुलखाच्या ताटातुटीवर येऊन ठेपणारी ती रचना ज्यांनीं ऐकिली, त्यांस राजकारण समजावून सांगावें लागलें नाहीं.

अण्णाभाऊंची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ सालीं निघाली. डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस ती अर्पण केलेली आहे, आणि १९६१ सालीं तिला राज्य शासनाचें पारितोषिक मिळालें. त्याच साली ते रशियाचा प्रवास करून आले आणि पुन्हां चिरागनगरच्याच झोपडींत राहूं लागले. तेथील शेजाऱ्यापाजाऱ्यांवर त्यांनीं 'चिरागनगरचीं भुतं' या नांवानें कथा लिहिल्या. १८ जुलै १९६९ रोजीं गोरेगांवच्या सिद्धार्थनगरांत त्यांचें निधन झालें. २००२ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट निघालें, २०२२ सालीं मॉस्कोस त्यांचा पुतळा बसविला गेला. परंतु घाटकोपरच्या पुलावरून रोज येजा करणारांपैकीं किती जणांस या वस्तीचा आणि या माणसाचा संबंध सांगतां येईल? मीं स्वतः त्या स्थानकावरून पस्तीस वर्षें नोकरीस गेलों, आणि मला तो ठाऊक नव्हता.

मावशींचे वामनदादा म्हणजे वामन तबाजी कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ रोजीं सिन्नर तालुक्यांतील देशवंडी गांवीं त्यांचा जन्म झाला. मुंबईंत येऊन ते कामगार वस्तींत राहिले, गिरणींत राबले. कोणा एका माणसानें पत्र वाचून मागितलें आणि आपल्याला वाचतां येत नाहीं याची लाज वाटली, म्हणून ऐन विशींत ते अक्षरें शिकले. १९४३ च्या सुमारास त्यांनीं गीतरचनेस आरंभ केला, आणि पुढें साठ वर्षें डॉ. आंबेडकरांचा विचार गाण्यांतून गांवोगांव नेला. रचना स्वतःची, चाल स्वतःची, गळाही स्वतःचाच. त्यांचा 'वाटचाल' हा गीतसंग्रह १९७३ सालीं निघाला. परंतु त्यांचीं गाणीं पुस्तकांपेक्षां माणसांनींच अधिक सांभाळिलीं. १५ मे २००४ रोजीं ते वारले. हजारों गाणीं मागें ठेवणाऱ्या या माणसाचें दुसरें कांहीं वित्त नव्हतें; शेवटच्या कडव्यांतील तें तीन अक्षरांचें नांव एवढीच त्याची इस्टेट. आणि ती मीं चार मिनिटांच्या हिशेबांत खर्ची घातली!

दुसरें स्थळ आमचें मुलुंडच. येथील झोपडवस्तींत विलास घोगरे नांवाचे शाहीर राहत. एकतारी घेऊन ते स्वतः रचिलेलीं गाणीं गात. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटांत, ज्यांचीं घरें महानगर पुनः पुन्हां मोडून टाकतें त्यांची व्यथा घोगरे यांच्या आवाजांत ऐकावयास मिळते. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला आणि दहा माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या घटनेनंतर चारच दिवसांनीं, १५ जुलै रोजीं, घोगरे यांनीं आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. पटवर्धनांनीं पुढें चौदा वर्षें त्या मृत्यूचा आणि शाहिरांच्या परंपरेचा मागोवा घेऊन 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट २०११ सालीं पुरा केला. त्या जुलै महिन्यांत आम्ही मुलुंडांतच होतों. वर्तमानपत्रांतून गोळीबार वाचला, गाड्या चालूं आहेत कीं नाहींत याची चौकशी केली. आपल्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक कवि निवर्तला, याची वार्ता आमच्या घरांत आली नाहीं. आली असती, तरी त्यांचें नांव कोणाच्या ओळखीचें नव्हतें.

या तिघांचेंही वैशिष्ट्य असें, कीं त्यांच्या पाठीशीं दरबार नव्हता, जहागीर नव्हती, गाणें विकणारी कंपनी नव्हती. चळवळ होती, संघटना होती. परंतु संघटनेशीं मतभेद झाला, तर गाणारा एकटा पडे. बिदागी मिळाली तर मिळाली. गाणें आवडलें म्हणजे दुसरा गाणारा तें उचली, तिसऱ्या गांवीं नेई, आणि त्यांतच रचणारास कृतार्थता वाटे. लोकगीत होण्याचा मार्ग तोच आहे. मात्र लोकांनीं गाणें आपलें मानावें आणि लोकांनीं रचणारास विसरावें, या दोन गोष्टी एक नव्हेत. 'तुका म्हणे' म्हणणारा प्रत्येक वारकरी अभंग आपलाच समजतो, पण तुकोबांस विसरत नाहीं.

ही परंपरा संपली, असेंही समजूं नये. संभाजी भगत हे आजचे शाहीर स्वतः रचून स्वतः गातात. मुंबईंतील एका वृद्ध शाहिरावर चाललेल्या खटल्याची गोष्ट सांगणारा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट २०१४ सालीं आला. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. त्यांतील शाहिराचीं गाणीं भगतांचींच. आतां फोनमुळें कोणीही गाणें गाऊन एका दिवसांत लक्षावधि लोकांपर्यंत पोंचवूं शकतो, ही मोठीच सोय झाली. परंतु फोनवर गाणें तुकड्यांनीं फिरतें. धुवपद आणि पहिलें कडवें एवढेंच पुढें जातें, आणि शेवट, जेथें नांव असतें, तो कोणाच्याच हातीं लागत नाहीं. जें काम पूर्वीं कसर आणि पाऊस करीत, तें आतां आपली घाई करूं लागली आहे.

कायद्याचेंही येथें कांहीं म्हणणें आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें रचनेवरील कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. म्हणजे अण्णाभाऊंच्या रचनांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या रचनांवरील २०६४ अखेरपर्यंत राहणार. शिवाय 'ही रचना माझी आहे' असें म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच कायद्यानें निराळा मान्य केला आहे. हक्क विकला तरी तो अधिकार विकला जात नाहीं. तेव्हां पत्रिकेवर 'पारंपरिक' लिहिणें ही केवळ गैरसमजाची गोष्ट राहत नाहीं.

तथापि कायद्याच्या धाकानें आपण नीट वागावें, हें शोभणारें नव्हे. घराघरांतून सहज करतां येण्याजोग्या गोष्टी आहेत. मुलांनीं एखादें लोकगीत बसविलें, तर तें शेवटपर्यंत मिळवावें आणि शेवटपर्यंत म्हणवावें. वेळ नसेल तर मधलें कडवें गाळावें. कर्त्याचें नांव सांपडेना, तर 'पारंपरिक' असें खात्रीनें न लिहितां 'कर्त्याचें नांव मिळालें नाहीं' असें प्रामाणिकपणें लिहावें, म्हणजे वाचणारा कोणी तरी तें पुरें करील. उत्सवास शाहीर बोलावला, तर बिदागी ठरवून आणि वेळेवर द्यावी, आणि त्याच्या गाण्यांतील कोणतीं त्याचीं स्वतःचीं हें विचारून घ्यावें. आणि आपल्या घरांत जीं माणसें कामास येतात, त्यांना आपण पगार, रजा, दिवाळी हें सर्व विचारतों. तुम्हांला कोणतीं गाणीं येतात, हें एकदां विचारून पाहावें.

मीं तें मावशींना विचारलें, पण फार उशीरां. त्यांचे वडील भांडुपास राहत आणि शाहिरांच्या मागें उभे राहून झील धरीत. त्यांची एक जाड वही होती. तींत इतरांचीं गाणीं होतीं, आणि कांहीं त्यांचीं स्वतःचींही होतीं. २६ जुलै २००५ च्या महापुरांत घरांत कमरेएवढें पाणी शिरलें, आणि वहीचा लगदा झाला. त्या वेळीं वडील हयात नव्हते. आतां तीं गाणीं आहेत तीं मावशींच्या तोंडांत. कोणतें गाणें कोणाचें, हें त्या शेवटच्या कडव्यावरून अचूक सांगतात. रविवारीं दुपारीं आमची नात नवी वही घेऊन त्यांच्यापुढें बसते आणि उतरून घेते. आजवर सतरा गाणीं झालीं आहेत. त्यांपैकीं चार मावशींच्या वडिलांचीं. नातीची अट अशी, कीं मीं मधें कांहीं सुचवावयाचें नाहीं. ती मी पाळीत आहें.

हा लेख लिहितांना मीं मावशींना विचारलें, "तुमच्या वडिलांचें नांव यांत छापूं का?" त्यांनीं क्षणभर विचार केला आणि मान हलविली.

"नुसतं नाव नको, काका. आधी गाणं छापा, सगळं छापा. नाव त्यातच हाय."